डूम: मूळ गेम खेळून झाला असेल तर आता लोकांच्या लेव्हल्सकडे वळा

शिळोप्या · शुक्र, रात्री १०:१२

मंडळी, गेमिंगच्या जुन्या धाग्यावर डूमचा विषय निघाला की गाडी दर वेळी ‘लहानपणी खेळलो होतो, काय दिवस होते’ या स्टेशनवर थांबते आणि पुढे सरकतच नाही. म्हणून वेगळा धागा काढतोय. इथे बोलायचं ते चाहत्यांनी डूमसाठी बनवलेल्या लेव्हल्सबद्दल. आजही दर आठवड्याला नव्या येतात, आणि त्यातल्या बऱ्याच मूळ गेमच्या लेव्हल्सना मागे टाकतात. हे माझं मत. भांडायला मोकळीक आहे.

नव्यांसाठी थोडक्यात. डूम म्हणजे राक्षसांवर गोळ्या झाडत एकेक लेव्हल पार करायचा गेम. आला १० डिसेंबर १९९३ला, टेक्ससच्या इड सॉफ्टवेअरकडून. त्याआधीच्या वुल्फेनस्टाइन थ्रीडीच्या फाइली लोकांनी चाचपडत फोडल्या होत्या आणि त्यात स्वतःचे नकाशे घुसवले होते. ते पाहून इडचा प्रोग्रामर जॉन कारमॅक याने डूममध्ये नकाशे, चित्रं, आवाज, संगीत हा सगळा माल प्रोग्रामपासून वेगळा काढला आणि ‘वॅड’ नावाच्या फाइलीत ठेवला. आपण आपली छोटी वॅड बनवायची, गेम सुरू करताना तिचं नाव द्यायचं, बस. मूळ फाइलीला धक्काही लागत नाही. कंपनीतल्याच काहींना हे पटलं नव्हतं. लोक फुकटात लेव्हल्स बनवायला लागले तर आपल्या कोण विकत घेणार, ही धास्ती.

दार उघडं ठेवलं, पण किल्ल्या काही दिल्या नव्हत्या. इडचा स्वतःचा एडिटर, म्हणजे लेव्हल बनवायचा प्रोग्राम, नेक्स्ट कंपनीच्या महागड्या संगणकांवर चालायचा, आणि ते घरी कुणाकडे असणार? मग बेल्जियमचा राफाएल किने आणि न्यूझीलंडचा ब्रेंडन वायबर अशा मंडळींनी इंटरनेटवरून जुळवून डीईयू हा एडिटर काढला. १९९४चा जानेवारी. मार्चमध्ये ‘ओरिजवॅड’ नावाची एक चिमुकली लेव्हल आली. बाहेरच्या माणसाने बनवलेली सर्वांत जुनी म्हणून तीच धरतात.

ज्यांनी एकही चाखली नाही त्यांनी ‘सायथ’पासून सुरुवात करा. एरिक आल्म या स्वीडिश माणसाची, २००३ची. बत्तीस लेव्हल्स आहेत. सुरुवातीच्या चहा गार होण्याआधी संपतात, शेवटच्या घाम काढतात. मग ‘गोइंग डाउन’, २०१४. एका इमारतीच्या गच्चीवर सुरुवात होते, लिफ्टने एकेक मजला खाली, आणि तळमजल्याच्याही खाली नरक. एकट्या माणसाचं काम आहे आणि विनोदबुद्धी भयंकर आहे.

खटपट्या · शुक्र, रात्री १०:५८

आला का धागा! वाचनखूण साठवली.

आपल्याकडे या लेव्हल्स फार कुणी का पाहिल्या नाहीत, याला एक रोकडं कारण आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे क्लासमध्ये, ऑफिसात, मित्राच्या घरी जो डूम फिरला तो बहुतेक शेअरवेअर, दोन फ्लॉपीत मावणारा. पहिला भाग, नऊ लेव्हल्स, फुकट. या शेअरवेअर आवृत्तीला बाहेरची वॅड दिली की ती सरळ नकार द्यायची आणि वर ‘रजिस्टर करा’ म्हणून सुनवायची. डीईयूवाल्यांनीही इडचा मान राखून शेअरवेअरच्या लेव्हल्सना हात लावायची सोय ठेवली नव्हती. म्हणजे ज्याने पैसे भरले त्याच्यासाठीच हा बाजार खुला.

शिवाय व्हीएसएनएलने इंटरनेट दिलं तेच ऑगस्ट १९९५मध्ये. तोवर अमेरिका-युरोपातले लोक कॉलेजच्या नेटवर्कवरून एफटीपीने वॅड उतरवून घेत होते.

निवांत_नाना · शुक्र, रात्री ११:३१

काडी टाकतो. तीस वर्षांपूर्वीचा गेम. राक्षस म्हणजे कागदाचे पुतळे, वर-खाली बघता येत नाही, उडी मारता येत नाही. आजच्या गेममध्ये अख्खी शहरं उभी असतात. डूमच्या लेव्हल्सचं कौतुक म्हणजे शुद्ध स्मरणरंजन, दुसरं काही नाही. चूक असेन तर समजावून सांगा.

हडसनकाठ · शनि, सकाळी ७:०५

नाना, या लेव्हल्स बनवणारे निम्मे लोक डूम आला तेव्हा जन्मलेही नव्हते, त्यांचं स्मरणरंजन कुठून येणार? (निम्मे हा माझा अंदाज, मोजायला बसलो नाही.)

पण तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. आजच्या गेममधली एक गल्ली बनवायला माणसांची फौज लागते. कुणी भिंती करतो, कुणी दिवे, कुणी झाडं, कुणी त्यांच्या सावल्या. डूमची लेव्हल म्हणजे वरून काढलेला नकाशा. चौकटीच्या कागदावर घराचा प्लॅन काढतो तसं रेषा ओढायच्या. रेषांनी बंद झालेला भाग म्हणजे सेक्टर. प्रत्येक सेक्टरला जमिनीची उंची, छताची उंची, जमिनीचं आणि छताचं चित्र, आणि ० ते २५५मधला उजेड. भिंत वेगळी उभारावी लागत नाही. शेजारच्या दोन सेक्टरच्या उंचीत फरक पडला की ती आपोआप तयार होते, आपण फक्त तिला चित्र चिकटवायचं. दार म्हणजे काय? ज्याचं छत जमिनीला टेकलंय असा एक सेक्टर. बटण दाबलं की छत वर जातं. लिफ्ट म्हणजे खाली-वर होणारी जमीन. झालं तुमचं सामान.

एवढ्याशा सामानात एकटा माणूस एका शनिवारी लेव्हल पुरी करू शकतो. आणि एकट्याने केलेली असल्यामुळे त्याचा हात ओळखू येतो. दारामागे रेव्हनंट राक्षस उभा करणारा वेगळा, दार उघडून शांत खोली दाखवणारा आणि तुम्ही बंदूक खाली केलीत की मागची भिंत सरकवणारा वेगळा. फौजेने केलेल्या कामात हा हात मला तरी दिसत नाही.

फोडणी · शनि, सकाळी ९:४०

+१ हडसनकाठ.

‘हात ओळखू येतो’ यावरून प्लुटोनिया आठवलं आणि रक्तदाब वाढला. तो हात मला ओळखायचाच नाहीये. प्रत्येक कोपऱ्यात बंदूकधारी चेनगनर!

शिळोप्या · शनि, सकाळी १०:१५

हाहा. प्लुटोनिया ही या सगळ्या प्रकरणातली माझी सर्वांत आवडती गोष्ट, त्यामुळे जरा लांबवतो.

१९९६ला ‘फायनल डूम’ म्हणून दुकानात जे विकायला आलं त्यात बत्तीस-बत्तीस लेव्हल्सचे दोन संच होते, आणि दोन्ही चाहत्यांचे. पहिला ‘टीएनटी: एव्हिल्यूशन’, टीम टीएनटी या इंटरनेटवर जमलेल्या गटाचा. हा फुकट मिळणार होता. लोक वाट बघत बसले होते, आणि प्रकाशनाच्या तोंडावर इडने तो विकत घेतला. गटाला आनंद, बाकीच्या मंडळींना संताप. फुकट मिळणारी वस्तू आता पैसे मोजून घ्यायची. तेव्हाच्या न्यूजग्रुपांवर बरीच धुळवड झाली.

दुसरा संच प्लुटोनिया. डारिओ आणि मायलो कसाली हे दोन भाऊ, आधी काही लेव्हल्स बनवून दाखवल्या, मग पूर्ण बत्तीसचं काम मिळालं. भावाभावांत सोळा-सोळा. डूम २ सर्वांत अवघड पातळीवर खेळून ज्यांचं समाधान झालेलं नाही त्यांच्यासाठीच हे बनवलंय, असं डारिओने पुढे सांगितलंय. फोडणीताई, तुम्हाला त्रास व्हावा हाच हेतू होता, तो सफल झाला. पुढे डारिओ व्हॉल्व या गेम कंपनीत गेला आणि त्यांच्या हाफ-लाइफ गेमच्या लेव्हल्सवर काम केलं. लोकांच्या लेव्हल्समधून नोकरी मिळालेला तो एकटा नाही. इडने टिम विलिट्सला घेतलं ते त्याच्या डूमच्या लेव्हल्स बघूनच.

फोडणी · शनि, सकाळी १०:३२

हेतू सफल झाला म्हणे!

आणि टीएनटीची ती पिरॅमिडवाली लेव्हल, क्रमांक ३१? मूळ डबाबंद आवृत्तीत पिवळी चावी फक्त मल्टिप्लेअरमध्ये दिसायची. एकट्याने खेळणाऱ्याला लेव्हल पूर्ण करणं अशक्य. दुकानात विकलेल्या मालात हे! दुरुस्त केलेली लेव्हल नंतर फुकट दिली म्हणा. चाहत्यांच्या ‘फुकट’ लेव्हलमध्ये असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी नवी फाइल चढली असती.

खटपट्या · शनि, दुपारी १२:२०

विकण्याचाच विषय निघालाय तर डी!झोन विसरू नका. विझार्डवर्क्स नावाची कंपनी इंटरनेटवर पडलेल्या शेकडो लेव्हल्स गोळा करून सीडीवर टाकायची आणि विकायची. बनवणाऱ्याला छदाम नाही. विचारणंही नाही. त्या काळच्या एखाद्या लेव्हलसोबतची टेक्स्ट फाइल उघडून बघा. लेखक कोण, किती वेळ लागला, कोणता एडिटर, आणि शेवटी परवानग्या: हिच्यावरून दुसरी लेव्हल बनवता येईल की नाही, कुठे ठेवता येईल. ही टेक्स्ट फाइल आजही प्रत्येक वॅडसोबत जोडायचा रिवाज आहे. मला लेव्हलआधी ती वाचायची सवय लागलीय. काही लेखक तिथे अख्खं आत्मचरित्र लिहितात.

आणि गंमत म्हणजे ऑगस्ट २०२४मध्ये डूमची जी नवी अधिकृत आवृत्ती आली, तिच्यातच लोकांच्या लेव्हल्स उतरवायची सोय दिली. पहिल्याच दिवसांत काय झालं? दुसऱ्यांच्या लेव्हल्स भलत्यांनीच चढवल्या. पैशाचा प्रश्न नव्हता, पण नाव गेलं. लोक चिडले ते नावावरून, आणि रास्त चिडले.

काजूकतली · शनि, दुपारी ३:४४

माझी तक्रार वेगळी आहे. हल्ली कुठलीही ‘गाजलेली’ लेव्हल उघडावी तर समोर पाचशे राक्षस. स्लॉटरमॅप म्हणे. यात रचना कसली? गर्दीत गोळ्या झाडायच्या, एवढंच ना? इडच्या जॉन रोमेरोने बनवलेल्या पहिल्या भागातल्या लेव्हल्समध्ये खिडकीतून एखादी जागा दिसायची आणि तिथे पोचायचं कसं याचा शोध घ्यावा लागायचा. ती मजा गेली.

तिसरी_बॅटरी · शनि, सायंकाळी ५:१०

काकू/काका (हँडलवरून कळत नाही, राग मानू नका), स्लॉटरमॅपमध्ये गोळ्या झाडणारा सर्वांत आधी मरतो.

डूमचा एक नियम लक्षात घ्या. एका राक्षसाचा मारा दुसऱ्याला लागला की तो तुम्हाला सोडून त्याच्यावर उलटतो. मात्र इम्पचा आगीचा गोळा दुसऱ्या इम्पला इजा करत नाही. जात वेगळी हवी. बंदूकवाल्यांना ही सवलत नाही, चेनगनर चेनगनरशीही भांडतात. म्हणजे शहाणा खेळाडू काय करतो? दोन कळपांच्या मधून धावत जातो, एकाचा मारा दुसऱ्याला लागू देतो, आणि काडी लावून बाजूला होतो. कुठून धावायचं, कोणाला आधी चिडवायचं, सायबरडेमनला कुणाच्या अंगावर घालायचं, हे सगळं लेव्हल बनवणाऱ्याने आधीच योजलेलं असतं. कोडंच आहे ते, फक्त तुकडे दात काढून अंगावर येतात.

याची सुरुवात मानतात ती १९९७च्या ‘हेल रिव्हील्ड’पासून, दोघा इस्रायली मुलांचं काम. २००१ला ‘नट्स’ आली. जवळजवळ एकच मैदान आणि दहा हजारांवर राक्षस. ती थट्टा होती, तेव्हाचे संगणक नुसती उघडली तरी रडायचे. आणि २००९पासून आजतागायत वाढत असलेली ‘संडर’ बघा. न खेळता नुसती फिरून बघितली तरी चालेल. वास्तूच्या आकारानेच छाती दडपते.

काजूकतली · शनि, सायंकाळी ५:२६

काकू. आणि राग नाही :)

संडर बघते. पण पाचशेचं मत कायम.

निवांत_नाना · शनि, रात्री ९:०२

हडसनकाठ, तुमचा प्रतिसाद आवडला. पटला असं म्हणत नाही, आवडला.

एक शंका. सामान एवढंसं, म्हणता. मग २०२३ला ती ‘मायहाउस’ गाजली, जिचे लांबलचक विश्लेषणाचे व्हिडिओ आहेत, ती या सामानात कशी बसली? माझ्या भाच्याने दाखवली. घरातलं घर बदलत होतं.

हडसनकाठ · रवि, सकाळी ६:५०

ज्यांनी खेळली नसेल त्यांनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जा.

नाना, ती जुन्या सामानात नाही बसत. तिथेच तर चलाखी आहे. मार्च २०२३मध्ये ‘व्हेडज’ या नावाने एकाने ती डूमवर्ल्ड या चाहत्यांच्या साइटवर टाकली. सोबतची कहाणी अशी की वारलेल्या मित्राची जुनी फाइल सापडली, त्याच्या आठवणीखातर नीटनेटकी करून देतोय. आता, स्वतःचं घर डूममध्ये बनवणं हा १९९४पासून नवशिक्यांचा ठरलेला पहिला प्रयोग. अशा लेव्हल्स इतक्या आल्या की ‘आणखी एक घर’ म्हणून लोक हसून सोडून देतात. उघडली तर खरंच तसंच सामान्य घर. फाइल दोन होत्या. वॅड उघडणाऱ्याला साधं घर दिसलं, शेजारची पीके३ (आधुनिक इंजिनांसाठीची फाइल) उघडणाऱ्याला दुसरंच काही.

डूमला एकावर एक मजला माहीत नाही, हे मुरलेल्या खेळाडूच्या हाडात असतं. इथे जिना चढून वरच्या खोलीत जाता येतं, तिथेच त्याच्या मानेवर काटा येतो. नवख्याला काहीच वाटत नाही. प्रत्यक्षात नकाशावर त्या घराच्या कितीतरी प्रती वेगवेगळ्या जागी आहेत आणि जीझेडडूम हे आधुनिक इंजिन तुम्हाला नकळत एकीतून दुसरीत सरकवतं. पार्श्वसंगीतही हळूहळू बिघडत जातं.

हे सगळं शक्य झालं कारण कारमॅकने २३ डिसेंबर १९९७ला डूमचा सोर्स कोड खुला केला. त्यावरून लोकांनी इंजिनं बनवली: बूम, झेडडूम, त्यावरून जीझेडडूम. मूळ डूममध्ये एका दृश्यात १२८ व्हिसप्लेनच्या (दिसणाऱ्या जमिनी-छतांच्या तुकड्यांच्या) वर गेलं की गेम बंद पडून डॉसवर आदळायचा. लेव्हल फार मोठी झाली तर सेव्ह करतानाही तेच. आता मर्यादा उरल्या नाहीत. तरीही किती लोक मुद्दाम जुन्या मर्यादेत बनवतात बघा. दहा सेक्टर, १०२४ बाय १०२४चा चौकोन, असल्या अटी स्वतःच घालून घेतात.

ओवी_आणि_अंगण · रवि, सकाळी ११:१८

मी इथे नेहमी पाककृती विभागात असते, चुकून आले आणि सगळा धागा वाचून काढला. माझा मुलगा नववीत आहे, त्याला लेव्हल बनवायचीय. खर्च किती? आणि रक्तपात फार आहे का हो?

खटपट्या · रवि, सकाळी ११:५०

ताई, स्वागत. खर्च शून्य करता येतो. ‘फ्रीडूम’ नावाचा संपूर्ण मोफत संच आहे, राक्षस-चित्रं-आवाज सगळं लोकांनी नव्याने केलेलं, कायदेशीर. एडिटर ‘अल्टिमेट डूम बिल्डर’, तोही मोफत. रक्त आहे, ठिपक्याठिपक्यांचं आहे. आधी स्वतः बघून ठरवा. एडिटरमध्ये रमला तर भूमितीचे मार्क वाढतील अशी खोटी आशा मी देणार नाही.

नवशिक्यांसाठी २०२१पासून ‘रॅम्प’ हा उपक्रम निघाला, त्यात पहिलीवहिली लेव्हलही सामावून घेतात. नाकारत नाहीत. त्याला सांगा.

घाटावरची · रवि, दुपारी २:३५

मग मीही विचारतेच. वाईला आमच्या आजोळचा वाडा आहे, मोजमापं घेऊन ठेवलीत. तोच बनवायचाय. (हो, ‘आणखी एक घर’, हसा.) दिंडी दरवाजा, चौक, चारी बाजूंनी ओसरी, माजघर, वर माडी. माडीवरच घोडं अडलंय ना?

हडसनकाठ · रवि, दुपारी ४:०८

हसत नाही, हेवा वाटतो. चौक डूमला फार शोभतो. मधे उघडं आकाश, भोवती कमी उंचीचं छत, उजेड २२४वरून ओसरीत १६०, माजघरात ९६. रोमेरो हाच खेळ करायचा, उजेडाला अंधार खेटून ठेवायचा आणि जमिनीचं चित्र बदललं की उंचीही बदलायची. जोत्याला आठ युनिट चढ द्या, ओसरीला आणखी सोळा.

मोजमापं मात्र जशीच्या तशी घेऊ नका. डूमचा गडी ५६ युनिट उंच आणि ३२ रुंद, पण पळतो मोटारसायकलसारखा. खऱ्या प्रमाणात बांधलेल्या घरात तो खोलीखोलीत भिंतीवर आपटतो. लांबी-रुंदी दीडपट-दुप्पट करा, उंची थोडीच वाढवा. पायरी २४पेक्षा उंच झाली तर त्याला चढता येणार नाही.

माडीचे तीन उपाय. जीझेडडूम वापरणार असाल तर थ्रीडी फ्लोअर, म्हणजे खरोखर एकावर एक मजला, प्रश्नच मिटला. बूमवर राहायचं असेल तर जिन्याच्या वळणावर आवाज न करणारी टेलिपोर्ट रेषा टाका आणि माडी नकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात बनवा. मूळ डूममध्येच हवं असेल तर जिना वळवून माडी माजघराच्या शेजारी घ्या, वर नाही. मी तिसरा निवडला असता. आजोळच्या माणसांना फरक कळेल, राक्षसांना नाही.

तिसरी_बॅटरी · रवि, दुपारी ४:२०

मूळ डूममध्ये करणार असाल तर चौकातून एका वेळी काय काय दिसतं ते जपा. चारी ओसऱ्या, प्रत्येकीची उंची-उजेड वेगळा, त्यात माजघराची दारं उघडी, म्हणजे १२८ व्हिसप्लेन केव्हा भरतील कळणार नाही. दोन-दोन ओसऱ्यांना एकसारखी उंची आणि उजेड द्या.

घाटावरची · रवि, रात्री ८:४६

तिसरा उपाय घेते. मधला चौक काढून झाला, दिवेलागणीचा उजेड छान जमलाय. तुळशीवृंदावनासाठी चोवीस युनिट उंच चौथरा केला. आता राक्षस. दिंडी दरवाजा मोठ्या दाराच्या आत छोटा असतो तसा ६४ रुंद ठेवलाय. बाहेरून मॅन्क्युबस आत आणायचाय, पण तो तिथेच थबकून गोळे टाकतोय.

फोडणी · रवि, रात्री ९:०३

मॅन्क्युबस ९६ युनिट रुंद आहे हो. डूममध्ये सगळ्यांची अंगं चौकोनी, तिरका होऊनही शिरणार नाही. गुलाबी डेमन ६०चा, तो येईल.

घाटावरची · रवि, रात्री ९:११

मग मॅन्क्युबस परसदारी, गोठ्यात. तिथे दार नाहीच.

फोडणी · रवि, रात्री ९:१३

आणि माडीवर कृपया चेनगनर नको.